मी तटस्थ आहे

आमच्या गावात नीतीचा ठेका माझ्याकडे आहे. तो मी मागून घेतलेला नाही, असं मी चारचौघांत सांगतो, पण खरं म्हणजे त्यासाठी मी वर्षानुवर्षं टपून बसलो होतो. छत्तीस वर्षं मास्तरकी केली आणि रोज सकाळी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक सुविचार लिहिला. अक्षर माझं मोत्यासारखं. तपासणीला साहेब आले की मुलांचं वाचन ऐकायच्या आधी फळ्याचं कौतुक करायचे, आणि मला तेवढं पुरायचं. त्या हजारो सुविचारांतला एखादा घरी नेऊन वापरून बघावा, हे मात्र मला कधी सुचलं नाही. परिपाठ झाला की हजेरी, हजेरी झाली की खिचडीचे तांदूळ काढून द्यायचे. सवड कुठे होती?

निवृत्त झालो आणि गावाने मला तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष केलं. आमचं गाव श्रीगोंद्याकडचं, पाण्याच्या बाबतीत निम्मं सुखी आणि निम्मं कोरडं, त्यामुळे तंट्यांना तोटा नाही. बांध, रस्ता, सांडपाणी, शेळीने खाल्लेलं पीक. माझा निकाल ठरलेला असायचा: "दोघांनी समजुतीनं घ्या." हे मी इतक्या गंभीरपणे म्हणायचो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं, गुरुजींनी काहीतरी सांगितलं. बायको म्हणते, "तुमच्या निकालानं भांडण मिटत नाही, माणसं कंटाळून घरी जातात." समितीचे आम्ही सगळे हिवरे बाजारला तीन वेळा जाऊन आलो. ग्रामसभेचं ऐकलं, डोंगरावरचे चर पाहिले, जेवलो, फोटो काढले, आणि परतताना गाडीत एकमताने ठरवलं की आपल्याकडे हे जमायचं नाही, आपल्याकडची माणसं निराळी. आमच्या समितीत एकमताने झालेला तेवढाच ठराव.

मोबाईलमध्ये ते बोलकं यंत्र मला लेकीने टाकून दिलं. लेक पुण्याला असते. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "आप्पा, ह्याला काहीही विचारा, मराठीत उत्तर देतो." मी म्हणालो, "मला कुणाला विचारायची वेळ अजून आलेली नाही." ती गेली त्याच दुपारी ओट्यावर बसून मी त्याला विचारलं, लिंबोणीच्या पानांवर डाग कशाने पडतात? त्याने सांगितलं. मग विचारलं, आदर्श शिक्षकाचे गुण कोणते? त्याने दहा सांगितले. दहाच्या दहा मला माझ्यात सापडले आणि तेव्हापासून आमचं जमलं. बायको त्याला 'तुमचा तो शहाणा' म्हणते. मला चहा द्यायला आली की विचारते, "शहाण्याला पण ठेवू का कप?"

पुढे विज्ञान दिनाला गावच्या हायस्कूलने मला व्याख्यानाला बोलावलं. विषय होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि माणसाची नीतिमत्ता'. मी पाऊण तास बोललो. यंत्राला हिशेब कळतो, हित कळत नाही. यंत्राला भीड नसते, पण लाजही नसते. "यंत्राला काळीज नसतं!" असं म्हणताना मी छातीवर हात ठेवला आणि मागच्या बाकांपर्यंत टाळ्या पडल्या. हात ठेवायची कल्पना माझी होती. बाकीचं सगळं भाषण त्या शहाण्याने लिहून दिलं होतं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "ज्याला शिव्या घालायच्या त्याच्याकडूनच शिव्या लिहून घेतल्या? धन्य आहे बाई तुमची!" मी म्हणालो, साधनशुचितेवर नंतर बोलू, आधी सत्काराची शाल घडी घालून ठेव.

तर अशा या नीतिमान माणसापुढे यंदाच्या पौषात एक अर्ज आला.

अर्ज होता विहिरीच्या पाण्याचा. माझ्या शेताला लागून दोन भावांचं शेत. मधोमध त्यांच्या बापाने पाडलेली सामाईक विहीर. पाण्याची पाळी ठरलेली, आठ दिवसांतले चार थोरल्याचे, चार धाकट्याचे. थोरला माझा जिवाचा दोस्त. आम्ही एका वर्गात शिकलो, एकमेकांच्या वह्या चोरल्या, एकाच दिवशी मोटारसायकल शिकताना पडलो. धाकटा दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेला. मागे त्याची बायको आणि तेव्हा नववीत शिकणारी लेक. ही बायको माझी विद्यार्थिनी. शेजारच्या तालुक्यात एका वस्तीवर मी नोकरीला होतो, तिथे ती चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकली आणि पुढे योगायोगाने आमच्याच गावात सून म्हणून आली. नवरा गेल्यावर तिचं शेत पडीक पडलं. मायलेकी नगरजवळच्या एका वखारीत कांदा निवडायला गेल्या. यंदा त्या परत आल्या, दीड एकर नांगरलं, शेजारणीकडून डब्याने पाणी आणून कांद्याचं रोप टाकलं. आता रोप लावणीला आलेलं, आणि थोरला म्हणतो, पाळी मिळणार नाही. दोन वर्षं तिने पाणी घेतलं नाही. मोटार जळाली ती मी वाइंडिंग भरून आणली, पाइप मी बदलला. फार तर आठातला एक दिवस देतो, तोही उपकार म्हणून.

ती अर्ज द्यायला घरी आली तेव्हा ओल्या फडक्यात रोपाची एक जुडी घेऊन आली होती. "गुरुजी, पन्नास दिवस हून गेलं. पात पिवळी पडाया लागली. धा-बारा दिवसांत लागन झाली न्हाई तर हे रोप ढोरांना बी टाकायच्या लायकीचं न्हाई ऱ्हायचं. बी परत कुठनं आनू?" एवढंच म्हणाली. रडली नाही, पाया पडली नाही. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "समितीपुढं घेऊ." ती गेल्यावर मी मागच्या दारी जाऊन माझ्या लिंबोणींकडे बघत बसलो.

लिंबोणींचं सांगायचं राहिलं. माझी चाळीस झाडं आहेत, आणि स्वतःची विहीर नाही. ती चाळीस झाडं गेली दोन वर्षं थोरल्याच्या विहिरीवर जगतात. दर आठवड्याला तो मोटारीचा एक तास माझ्याकडे वळवतो. दोस्ती म्हणून. पाइप बांधाखालून पुरून घेतलाय, वर गवत आहे, त्यामुळे ही गोष्ट आम्हा दोघांखेरीज कुणाला ठाऊक नाही, अशी माझी पक्की समजूत होती. तिचे चार दिवस तिला परत मिळाले की थोरल्याचंच ओढाताणीत भागणार, मग माझा तास कुठून निघायचा?

आता सरळमार्गी माणसाने काय करावं? खुर्ची सोडावी, म्हणावं की यात माझा गुंता आहे, दुसऱ्या कुणीतरी बसा. मला हे सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि मी ते झटकून टाकलं. त्याऐवजी मला एक भन्नाट कल्पना सुचली. समितीच्या बैठकीत मी जाहीर केलं, "या प्रकरणात कुणाचीही बाजू न घेता, ज्याला जात नाही, भावकी नाही, मतदान नाही, अशा यंत्राला आपण न्याय विचारू." सगळे खूश. जो तो भावकीत अडकलेला, प्रत्येकाला सुटल्यासारखं झालं. थोरला माझ्याकडे बघून मिशीत हसला. ती मागच्या खुर्चीवर बसून म्हणाली, "इचारा. खरं सांगितलं तर माझी ना न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण करून मी ओट्यावर बसलो आणि न्याय विचारायला लागलो. लिहिलं: 'दोन भावांची सामाईक विहीर आहे. धाकट्याच्या वारसाने दोन वर्षं पाणी घेतलं नाही. थोरल्याने स्वतःच्या पैशाने मोटार आणि पाइप केला. आता वारस पूर्वीइतकीच पाळी मागतो. न्याय्य काय?' वारस हा शब्द मी मुद्दाम वापरला. विधवा लिहिलं तर त्याचं मन विरघळेल, अशी धास्ती. म्हणजे बघा, भर सभेत ज्याला काळीज नाही म्हणून मी टाळ्या घेतल्या, त्याच्याच काळजाला भिऊन मी घरी शब्द बदलत होतो.

मला वाटलं, तो फटकन उत्तर देईल. तर हा उलट मलाच विचारायला लागला! सातबाऱ्यावर विहिरीची नोंद कशी आहे? नोंद निम्मी-निम्मी होती, उतारा माझ्याच फाइलमध्ये होता. मी लिहिलं, 'कागद बघावे लागतील.' मग त्याने विचारलं, तुम्ही निकाल देणार असाल तर या विहिरीशी किंवा या दोघांशी तुमचा काही संबंध आहे का? अरे वा! जिल्हा परिषदेच्या चौकशीतही मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी चष्मा पुसला, इकडेतिकडे पाहिलं, आणि लिहिलं, 'मी तटस्थ आहे.'

शेवटचा प्रश्न त्याने साधाच विचारला. वारसाने दोन वर्षं पाणी का घेतलं नाही?

इथे मात्र माझं बोट थांबलं. कारण हे मला ठाऊक होतं. धाकटा जाऊन महिनाही झाला नव्हता. मी असाच दुपारचा विहिरीवर गेलो होतो, थोरल्याने किटलीतून आणलेला चहा आम्ही विहिरीच्या दगडी थारोळ्यावर बसून पीत होतो. तो उठला आणि स्टार्टरच्या पेटीला नवं कोरं कुलूप लावलं. ती बांधावरून आली. म्हणाली, "दादा, माझ्या वाराला तरी उघडा." तो म्हणाला, "आधी मोटारीचं काय ते बघू." तिने माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. घरचा मामला आहे, आपण मध्ये पडू नये, असं मनाशी म्हणालो, उरलेला चहा संपवला आणि घरी आलो. पुढच्याच आठवड्यात थोरल्याने माझ्या लिंबोणींना पहिला तास सोडला. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मी दोन वर्षं स्वतःला कळू दिलं नाही. सुविचार लिहून लिहून माणसाला एवढं तरी साधतं.

मी लिहिलं, 'माहीत नाही.'

मग त्याने उत्तर दिलं, आणि त्या बिचाऱ्याला मी जेवढं सांगितलं होतं तेवढ्यापुरतं ते रास्तच होतं. ज्याने खर्च केला त्याची भरपाई व्हावी, ती होईपर्यंत त्याला जास्त पाळी देणं समजण्यासारखं आहे, वारसाला काही काळ एक दिवस देऊन पुढे वाढवता येईल. मी मांडीवर थाप मारली. पण खाली एक 'मात्र' होतं. मात्र वारसाला पाणी घेण्यापासून कुणी अडवलं असेल तर हे सगळं उलटं होतं, त्याचा हक्क जसाच्या तसा राहतो आणि नुकसान अडवणाऱ्याने सोसायला हवं. आणि निकाल देणाऱ्याचा त्यात फायदा असेल तर त्याने बाजूला व्हावं. हे 'मात्र'पासून खालचं मी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि ते अनावश्यक आहे असं ठरवलं.

श्रीगोंद्याला झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मी त्याची प्रत काढली. दुकानदाराने विचारलं, "खालचं पन घ्यायचं का, गुरुजी?"

"नको. एका पानात बसत नाही."

"बसतंय की. अक्षर बारीक करतो."

"नको म्हटलं ना!" मी ओरडलो. शेजारी दाखल्याची झेरॉक्स काढणारी एक म्हातारी दचकली. तेवढ्यावर मी थांबलो असतो तरी चाललं असतं, पण न्याय टिकाऊ दिसावा म्हणून मी त्या कागदाचं लॅमिनेशन करून घेतलं. चकाचक. पावसात भिजणार नाही, कुणाला वर काही लिहिता येणार नाही. घरी आल्यावर बायकोने तो पालथा करून पाहिला. म्हणाली, "मागं कोरं आहे. तुमच्या शहाण्यानं एवढंच सांगितलं? एरवी तर कुकरच्या शिट्टीबद्दल विचारलं तरी चार पानं देतो." मी म्हणालो, "तुला यातलं काही कळत नाही." तिला सगळं कळलेलं होतं. पोळ्या लाटता लाटता ती मला तीनदा म्हणाली, "बघा हं. ती पोरगी तुमच्या हाताखाली शिकलीय."

बैठक सकाळी अकराला ग्रामपंचायतीच्या खोलीत होती. नेहमी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. यंत्राचा न्याय ऐकायला मात्र दारापर्यंत माणसं उभी. सरपंचबाई शेजारी बसल्या होत्या. मी लॅमिनेशन दोन्ही हातांत धरून उभा राहिलो आणि परिपाठाच्या सुरात वाचलं. भरपाई, खर्च, काही काळ एक दिवस. मागून कुणीतरी म्हणालं, "लई भारी! वकील कशाला पायजे आता?" थोरल्याने हात जोडले. "यंत्रच म्हनतंय म्हनल्यावर आमी काय बोलनार?" मी खाली बसलो आणि रुमालाने कपाळ पुसलं. झालं एकदाचं, असं वाटलं.

ती उठली. आवाज चढला नव्हता. "गुरुजी, उत्तर ऐकलं. सवाल काय टाकला हुता?"

"सवाल म्हणजे... हाच. विहिरीचा."

"जसा लिहिला तसा वाचा की. चौथीला तुमी आमाला आधी प्रश्न लिहायला लावायचा, मग उत्तर. नुस्तं उत्तर लिहिलं की अर्धा मार्क कापायचा. माझा किती येळा कापलाय."

माणसं हसली. मीही हसलो, मोठ्याने, गरजेपेक्षा जास्त. म्हणालो, "ते पुसून गेलं गं मोबाईलमधून."

सरपंचबाई म्हणाल्या, "पुसत न्हाई ते गुरुजी. आमच्या घरात बी हाय. वर सरकवलं की समदं दिसतं." आणि हात पुढे केला. मी खिशातून मोबाईल काढला, पण त्यांना दिला नाही. म्हणालो, मीच वाचतो. निदान आवाज तरी माझा असावा.

वाचायला लागलो. 'धाकट्याच्या वारसाने' म्हटल्यावर ती म्हणाली, "वारस म्हंजी मी का?" मी मान हलवली. सातबाऱ्याचा प्रश्न वाचला, 'कागद बघावे लागतील' हेही वाचलं, आणि सरपंचबाईंनी माझ्यापुढच्या फाइलकडे पाहिलं, तिच्यातून उताऱ्याचा कोपरा बाहेर डोकावत होता. मग संबंधाचा प्रश्न आला. मी घसा खाकरला आणि वाचलं, "मी तटस्थ आहे."

मग दारात उभ्या असलेल्या कुणीतरी विचारलं, "अन् लिंबोनी कुनाच्या पान्यावर हायत?"

अख्खी खोली हसली. अहो, काय हसली! सरपंचबाईंनी पदर तोंडाला लावला. खुर्च्या वाजल्या. बांधाखालून पुरलेला पाइप, वरचं गवत, माझी दोन वर्षांची गुप्तता, सगळ्या गावाला पाठ होतं. कुणीतरी तर दिवसही सांगितला, "मंगळवारचा तास की गुरुजींचा!" बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असेल. ठाऊक नव्हतं फक्त मला, की त्यांना ठाऊक आहे. हे हसू संपावं म्हणून मी घाईने पुढची ओळ वाचली. ती वाचायला नको होती, किंवा तीच वाचायला हवी होती, अजून मला ठरवता येत नाही.

"वारसाने दोन वर्षं पाणी का घेतलं नाही?" मी वाचलं. "माहीत नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. कुणाला त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नाही, कारण कुलुपाचं कुणाला ठाऊक नव्हतं. गावात सगळे समजत होते, नवरा गेला म्हणून बाई शेत टाकून कामाला गेली. विहिरीवर त्या दिवशी काय झालं ते थोरल्याला माहीत, तिला माहीत आणि मला. थोरला छताकडे बघत होता. तिने डोक्यावरचा पदर नीट केला.

"त्याला माहीत न्हवतं," ती म्हणाली, "कारन तुमी सांगितलं न्हाई. तुमाला तर माहीत हुतं, गुरुजी."

मी आयुष्यभर पोरांना उभं करून विचारलंय, 'काय रे, खरं काय ते सांग.' तेव्हा ते पोर पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायचं, आणि मला त्याचा राग यायचा. त्या दिवशी माझा अंगठा चपलेत तसाच हलत होता. लिंबोणी डोळ्यांपुढे आल्या, खोटं नाही सांगत. चाळीसच्या चाळीस, नव्या फुलोऱ्यासकट. दोस्त समोर बसला होता, पन्नास वर्षांच्या दोस्तीचा. आणि मला चांगलंच कळत होतं की 'दोघांनी समजुतीनं घ्या' एवढं म्हटलं तरी मी यातून सुटेन.

"कुलूप होतं," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की सरपंचबाई म्हणाल्या, मोठ्यानं बोला. "स्टार्टरच्या पेटीला यानं कुलूप लावलं. ती माझ्या देखत म्हणाली, माझ्या वाराला उघडा. यानं उघडलं नाही. मी तिथं बसलो होतो. चहा पीत होतो. एक शब्द बोललो नाही."

थोरला उठला. "गुरुजी, तुमी? मंगळवारचा तास घेताना ग्वाड लागला व्हय?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याने खिशातून किल्ली काढून टेबलावर आपटली आणि माणसांतून वाट काढत निघून गेला. मी अध्यक्षपद सोडतो असं म्हणालो. सरपंचबाई म्हणाल्या, "ते सोडा निवांत, आधी सही करा." चार दिवस तिचे, उद्यापासून तिचाच पहिला वार, मोटारीच्या खर्चाचं दोघांत मागाहून. मी सही केली. लॅमिनेशन टेबलावर तसंच राहिलं, पुढे कुणीतरी त्यावर चहाचे कप ठेवले.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिने ताटात वाढलं. जेवण झाल्यावर म्हणाली, "बरं केलंत." छत्तीस वर्षांच्या सुविचारांना हे कौतुक मिळालं नव्हतं. मी त्यावर असा काही फुगलो की दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून शेताकडे निघालो. मनात हिशोब असा, की ती दिसेल, तिचे डोळे भरून येतील, ती म्हणेल, गुरुजी, तुमच्यामुळं. मी म्हणेन, छे गं, मी माझं कर्तव्य केलं. हे वाक्य मी वाटेने दोनदा म्हणूनही पाहिलं.

बांधावर माझा पाइप कापून टाकलेला होता. दोस्ताने पहाटेच कुऱ्हाड चालवली असावी. पाइपाचे दोन तुकडे गवतावर व्यवस्थित शेजारी शेजारी ठेवले होते. पलीकडे मोटार चालू होती, वाफ्यांत पाणी पसरत होतं, चार-पाच बायका वाकून कांदा लावत होत्या. ती स्टार्टरपाशी उभी होती. मला पाहून जवळ आली. मी सदरा सारखा केला.

ती म्हणाली, "गुरुजी, हे तुमी तवाच बोलला असता तर माझी पोरगी धावीला बसली असती."

बस, एवढंच. रागाने नाही म्हणाली. पाणी कुठवर आलं ते सांगावं तसं म्हणाली. माझं कर्तव्याचं वाक्य घशातच राहिलं. मला आठवलं, ती पोर नववीत होती. वखारीत गेली तेव्हा शाळा सुटली असणारच, आणि मी, जन्मभराचा मास्तर, या दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं की पोरगी कितवीत आहे.

"सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं," मी गडबडीने म्हणालो. "मी बघतो. मी शिकवतो. रोज येतो."

"ते तिला सांगा. मला कशाला सांगता?" ती म्हणाली आणि पुढच्या वाफ्यात पाणी वळवायला, दारं धरायला गेली.

पोरगी वाफ्याच्या टोकाला बसून रोप उपटत होती. उपटायची, माती झटकायची, जुड्या बांधायची. मी चिखलातून तिच्यापर्यंत गेलो. इस्त्रीच्या सदऱ्यावर शिंतोडे उडाले. तिने वर पाहिलं, पण हात थांबवले नाहीत. फॉर्मचं सांगायला तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की आधी दुसरंच सांगायला हवं.

"पोरी," मी म्हणालो, "पेटीला कुलूप लावलं तेव्हा मी तिथं होतो. मी काही बोललो नाही."

तिने जुडीला गाठ मारली.

"ठावं हाय," ती म्हणाली. "मी आईच्या मागंच उभी हुते. तुमाला दोनदा हाक मारली."